मापाल कांगजैबुंग: पोलोचं माहेर

मणिपुरीत सगोल म्हणजे घोडा, कांग म्हणजे चेंडू आणि जै म्हणजे काठी. या सगोल कांगजैतूनच आजचा पोलो घडला. इंफाळमध्ये त्याची दोन मैदानं. कांगला किल्ल्यातलं मानुंग कांगजैबुंग, म्हणजे आतलं, राजाचं आणि मानकऱ्यांचं. किल्ल्याबाहेरचं मापाल कांगजैबुंग रयतेचं. रयतेच्या मैदानावर आजही तट्टं धावतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

एका बाजूला सात स्वार. गोलाचे खांब नाहीतच. चेंडू मैदानाच्या शेवटच्या रेषेपार गेला की झाला गोल. चेंडू बांबूच्या मुळाचा, काठी वेताची. उडालेला चेंडू हाताने झेलला तरी चालतो, पण टोलवायचा काठीनेच. स्वाराच्या डोक्याला फेटा, कमरेला धोतर. खोगिराच्या दोन्ही अंगांना कातड्याचे रुंद पाखे असतात, स्वाराच्या पायांना आडोसा म्हणून. तट्टाच्या अंगावरचे गोंडे नुसत्या शोभेचे नव्हेत. चेंडूचा नि काठीचा मार ते झेलतात.

तट्टू जेमतेम बारा-तेरा मुठींचं. आपल्या भीमथडीच्या तट्टांसारखंच: चणीने लहान, दमाला पक्कं.

कछारमध्ये नेमणुकीवर असलेल्या जोसेफ शेरर आणि रॉबर्ट स्ट्युअर्ट या इंग्रज अधिकाऱ्यांनी मणिपुरी लोकांचा हा खेळ पाहिला आणि १८५९ मध्ये सिलचरला क्लब काढला. १८६२ मध्ये कलकत्त्याला क्लब निघाला, पुढे खेळ इंग्लंडला गेला. सातांचे चार झाले, खांब आले, श्रीमंती आली.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या लेक वर्थ इथे पोलोचं संग्रहालय आहे. ज्यांनी आयुष्य या खेळाला वाहिलं, त्यांची नावं तिथे सन्मानाने लागतात. नामांकित घोड्यांचीही लागतात. हे मला मनापासून आवडतं. मणिपूरनेही जानेवारी २०२३ मध्ये हैंगांगच्या टेकडीवर, घोड्याचा देव मानल्या गेलेल्या मार्जिंगच्या स्थानी, पोलोस्वाराचा सुमारे १२० फुटी पुतळा उभारला.

पण खेळ जिवंत ठेवला तो तट्टं पाळणाऱ्यांनी. त्यातले कितीतरी साध्या परिस्थितीतले. सामन्यापुरतं तट्टू मैदानात, एरवी चरायला मोकळं. लांफेलपातसारख्या पाणथळ कुरणांवर इमारती आल्या, तशी तट्टं रस्त्यावर आली आणि कचऱ्यात तोंड घालू लागली. पोटात प्लास्टिक जाऊन काही मेलीही. तरी या माणसांनी तट्टं विकून टाकली नाहीत. मुलींचे संघ आज मापाल कांगजैबुंगवर उतरतात, तेही याच तट्टांच्या जिवावर. पहिला मान या पाळणाऱ्यांचा, आणि तो द्यायचा तर राखीव कुरणाच्या रूपाने द्यावा.

कधी इंफाळला गेलात तर मापाल कांगजैबुंगवर सामना जरूर बघा. संपल्यावर लगेच उठू नका. लगाम धरून तट्टाला घरी नेणाऱ्या माणसाला भेटा, त्याच्या तट्टाचं नाव विचारा.