वजनकाटा, औद्योगिक : दोषसंकेत व निवारण

कारखाने, गोदामे, बंदरे इ. ठिकाणी अवजड माल तोलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्यात बिघाड झाल्यास किंवा अचूक तोलण्याच्या अटी पूर्ण न झाल्यास दर्शकावर वजनाऐवजी जी अक्षरे, रेघा वा क्रमांक उमटतात, त्यांना दोषसंकेत म्हणतात. ही चिन्हे उत्पादकागणिक वेगळी असली, तरी त्यांमागील कारणे मोजकी व बहुधा समान असतात. ती काट्याच्या रचनेवरून समजतात.

रचना : काट्याचा मंच लोड सेल या धातूच्या भारग्राही घटकांवर टेकलेला असतो. भार पडताच धातू किंचित विकृत होतो व त्यावर चिकटविलेल्या विकृतिमापकांचा विद्युत् रोध बदलतो. असा विकृतिमापक ई. ई. सिमन्स व ए. सी. रूज या अमेरिकनांनी १९३८ मध्ये स्वतंत्रपणे शोधून काढला. मापकांची जोडणी व्हीट्स्टन सेतूप्रमाणे करतात. सेतूला १० व्होल्ट दाब दिला असता सामान्य लोड सेलमधून पूर्ण भाराला सु. २० मिलिव्होल्ट एवढाच दाब मिळतो. ५० टन क्षमतेच्या व १० किग्रॅ. पर्यंत वाचन देणाऱ्या काट्यात त्याचे ५,००० भाग पडतात म्हणजेच एका भागाच्या वाट्यास फार तर ४ मायक्रोव्होल्ट येतात. त्यामुळे ओलावा किंवा सैल जोड एवढ्यानेही वाचन बिघडते.

प्रमुख संकेत : (१) अतिभार : आंतरराष्ट्रीय वैध मापनशास्त्र संघटनेच्या शिफारशीनुसार कमाल क्षमतेहून ९ भागांपलीकडचे वजन काट्याने दाखवू नये. माल उतरवूनही हा संकेत टिकल्यास तार तुटली आहे किंवा लोड सेल कायमची वाकली आहे, असा संशय घ्यावा. (२) शून्यदोष : काटा सुरू करताना मंचावर माल, चिखल वा साचलेले पाणी असल्यास, किंवा मंच कडेच्या भिंतीला अडकल्यास हा संकेत येतो. (३) अस्थिरता : आकडे सतत हलतात. वारा, यंत्रांची कंपने, जोडपेटीतील ओलावा व सदोष भूजोडणी ही याची कारणे होत. (४) ऋण वाचन : दुरुस्तीनंतर भार ठेवताच वाचन उणे दिशेने गेले, तर तारा उलट जोडल्या गेल्याचा संभव असतो. (५) स्मृतिदोष : साठविलेली समायोजन-मूल्ये नष्ट झाल्याचे हा संकेत दर्शवितो.

निवारण : तपासणी सोप्याकडून अवघडाकडे करावी. प्रथम मंच रिकामा करून त्याभोवतीची फट स्वच्छ करावी. मग विद्युत् पुरवठा, केबल व जोडपेटी पाहावी. पुरवठा बंद करून प्रत्येक लोड सेल सुटी करावी व तिचा रोध मोजावा. प्रचलित प्रकारात दाब देणाऱ्या तारांपेक्षा दाब घेणाऱ्या तारांमधील रोध थोडा कमी, सु. ३५० ओहम, भरतो. तो अनंत आल्यास तार तुटलेली असते. काट्याच्या सांगाड्यावर वेल्डिंग करण्यापूर्वी लोड सेल सोडवून ठेवाव्यात. प्रवाह त्यांतून गेल्यास त्या निकामी होतात.

दोषसंकेत ही एका अर्थी काट्याची प्रामाणिक कबुलीच होय. खरा धोका संकेताविना होणाऱ्या चुकीचा असतो. एका कोपऱ्यातील मंच दगडावर टेकला, तर त्या भाराचा काही अंश लोड सेलपर्यंत पोचतच नाही. दर्शक स्थिर राहतो, परंतु वजन कमी भरते. महाराष्ट्रात उसाचा भाव टनावर ठरत असल्याने साखर कारखान्याच्या काट्यावरील अशी चूक थेट शेतकऱ्याच्या पदरी पडते. म्हणून एकच वजन प्रत्येक कोपऱ्यावर ठेवून वाचने ताडून पाहणे आवश्यक असते. भारतात व्यापारातील काट्यांची पडताळणी वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ अन्वये होते. मोहोर तोडून केलेल्या दुरुस्तीनंतर फेरपडताळणी झाल्याखेरीज काटा व्यवहारात वापरता येत नाही.