खरी सुई, खोटी सुई

नवं औषध तपासायची रीत ठरलेली आहे. अर्ध्या रुग्णांना औषधाची गोळी द्यायची, अर्ध्यांना तशीच दिसणारी साखरेची. कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही ठाऊक नसतं आणि डॉक्टरलाही. पण अ‍ॅक्युपंक्चर तपासायला घेतलं की पंचाईत होते, कारण अंगात सुई गेली की नाही, हे माणसाला कळतंच.

जर्मनीतल्या हायडेलबर्गचे डॉक्टर कोनराड स्ट्राइटबर्गर यांनी १९९८ मध्ये यावर तोड काढली. त्यांच्या सुईचं टोक बोथट आणि मूठ पोकळ. त्वचेवर छोटी कडी ठेवून तिच्यावर चिकटपट्टी लावायची आणि पट्टीतून सुई दाबायची. टोक कातडीला टेकतं, टोचल्यासारखं वाटतं, पण सुई अंगात न जाता मुठीत सरकते. नाटकातल्या सुऱ्यासारखीच. दुसरा मार्ग त्याहून साधा: भलत्याच जागी, अगदी वरवर टोचायचं.

हा दुसरा मार्ग वापरून जर्मनीत एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. सरासरी आठ वर्षं कंबरदुखी सोसणारे ११६२ रुग्ण होते. एका गटाला चिनी शास्त्रात सांगितलेल्या जागी खोल सुया, दुसऱ्याला भलत्या जागी फार तर तीन मिलिमीटर, तिसऱ्याला औषधं, फिजिओथेरपी आणि व्यायाम. सहा महिन्यांनी खऱ्या सुयांच्या गटात ४७.६ टक्के लोकांना चांगला उतार होता, खोट्यांच्या गटात ४४.२ आणि नेहमीच्या उपचारांत २७.४.

हे आकडे सावकाश वाचावेत. सुयांनी बरं वाटलं, यात शंका नाही. पण नेमकी कुठे टोचली, याला फारसं महत्त्व उरलं नाही. म्हणजे ‘ची’ नावाची प्राणशक्ती ठरावीक वाहिन्यांतून वाहते, या मूळ कल्पनेला इथे आधार मिळत नाही. मग गुण कशाचा? वरवरची सुईसुद्धा त्वचेतल्या नसा चाळवते. शिवाय अर्धा तास शांत पडून राहणं, कुणीतरी मन लावून आपल्याकडे पाहणं आणि बरं होण्याची आशा, यांचाही वाटा असणार. तिसऱ्या गटाचा हिरमोडही धरायला हवा: वर्षानुवर्षं करून थकलेले उपचारच पुन्हा पदरी पडले.

मळमळीचा पुरावा जास्त भरवशाचा वाटतो. मनगटाच्या सुरकुतीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या मधल्या जागेला चिनी भाषेत नेइग्वान म्हणतात. शस्त्रक्रियेनंतरची मळमळ आणि उलटी तिथे टोचल्यानं किंवा नुसतं दाबल्यानंही कमी होते. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात यावरच्या ५९ चाचण्या होत्या. सिगरेट सोडवण्याच्या बाबतीत मात्र टिकाऊ फायदा सिद्ध झालेला नाही.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २००९ मध्ये कंबरदुखीसाठी सुया सुचवल्या आणि २०१६ मध्ये ती शिफारस मागे घेतली, कारण खऱ्या-खोट्यातला फरक फार थोडा. जर्मनीच्या सार्वजनिक आरोग्य विम्यानं मात्र २००७ पासून जुनाट कंबरदुखी आणि गुडघ्याच्या झिजेसाठी हा खर्च उचलला. मला जर्मनांचं पटतं. आठ वर्षं कंबर धरून बसलेल्याला खोट्या सुईशी तुलना कशाला हवी? त्याची तुलना रोजच्या वेदनाशामक गोळीशी असते. फक्त निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुयांचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावं, आणि छातीवर किंवा खांद्यावर टोचून घेतल्यावर धाप लागली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. क्वचित का होईना, सुईनं फुप्फुसाला भोक पडतं.