चुलीने राखलेले ज्यू

न्यूयॉर्कमधलं ‘कॅट्झ’ हे १८८८ पासूनचं डेली, म्हणजे मांसाचे तयार पदार्थ विकणारं खानावळवजा दुकान. अमेरिकी ज्यूंची खूण म्हणून ते जगभर दाखवतात. तिथली पास्ट्रामी, म्हणजे मसाला लावून धुरावलेलं मांस, ज्यूंची खरी, पण कोशर, म्हणजे ज्यूंच्या आहारनियमांत बसणारी, नाही. मांसावर चीज घातलेलं रूबेन सँडविचही तिथे मिळतं, आणि मांसाबरोबर दूधदुभतं कोशरमध्ये सरळ निषिद्ध आहे. पदार्थ राहिला, नियम गेला. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंचं नेमकं उलटं झालं: पदार्थ शेजाऱ्यांचे घेतले, नियम सोडला नाही. माझ्या मते समाज टिकतो तो अशा नियमावर. वालचंदनगर-इंदापूरच्या वाचकाला हे नवं वाटू नये. तिथल्या जैनाघरची आमटी शेजारच्यासारखीच, फक्त तिच्यात कांदा-लसूण नसतो आणि ती दिवस मावळायच्या आत वाढली जाते.

अलिबागेकडच्या गावांत तेलाचे घाणे चालवणारे हे बेने इस्रायल लोक शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या वारी, घाणा बंद ठेवत, म्हणून ‘शनवार तेली’. हिब्रू विसरली होती, रब्बी म्हणजे धर्मगुरू नव्हते. तरी घरात यायची ती कोशरच्या नियमाप्रमाणे खवले-पर असलेलीच मासळी. पापलेट चाले, कोळंबी-खेकडा नाही. जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा उपास वालाच्या बिरड्यावर सोडत, म्हणून त्याचं नावच ‘बिरड्याचा रोजा’. ज्यूंच्या नव्या सालाचा चिकाचा हलवा बघा: गहू भिजवून काढलेला चीक साखर आणि नारळाच्या दुधात घोटघोट घोटायचा. गाईम्हशीचं दूध घातलं, तर मटणाच्या जेवणावर तो खाता येणार नाही. नारळ अंगणात होता म्हणून नियम सोपा गेला, हेही खरं.

कुणी म्हणेल, बिरडं कोकणाचं, नारळ कोकणाचा. यात ज्यू ते काय? उत्तर ताटात काय आहे त्यापेक्षा काय नाही यात आहे. दुसरा आक्षेप वजनदार आहे. बायकांनी मासळी निवडली त्यावरून राहबी नावाच्या पाहुण्याने यांना ज्यू म्हणून ओळखलं, ही दंतकथा. आणि काटेकोर धर्माचार तर पुढे कोचीन-बगदादच्या ज्यूंकडून शिकलेला. मान्य. पण आपल्या ओळखीची कसोटी सांगताना या समाजाला ग्रंथ आठवला नाही, मासळी आठवली, हे दंतकथेतूनही कळतंच. हा समाज इस्रायलमध्ये गेल्यावर तिथल्या धर्मपीठाने मात्र ही कसोटी पुरेशी न मानता लग्नासाठी यांचे पूर्वज तपासायला घेतले. समाज रस्त्यावर उतरला, आणि १९६४ मध्ये तिथल्या सरकारला हे पूर्ण ज्यू असल्याचं जाहीर करावं लागलं.