नाव, रूप आणि नाते : टार्पन माशाच्या कुळाची गोष्ट

मराठीतील ‘नाव’ हा शब्द दोन घराण्यांतून आला आहे. माणसाचे नाव संस्कृत ‘नामन्’पासून आले, तर पाण्यावर चालणारी नाव ‘नौ’पासून. आज दोहोंचे लेखन व उच्चार एकच आहेत. परंतु त्यांचे कूळ एक नव्हे. उलट ‘कान’ आणि ‘कर्ण’ दिसावयास निराळे असूनही एकाच कुळातले. आजचे रूप फसवते आणि पूर्वरूप खरे नाते सांगते, हे मी वर्गात अनेक वर्षे शिकवीत आलो. जीवसृष्टीतही हाच न्याय कसा चालतो, हे टार्पन या माशाच्या निमित्ताने येथे सांगावयाचे आहे.

टार्पन हा मोठ्या, चकचकीत खवल्यांचा रुपेरी मासा. त्याच्या आज दोनच जाती उरल्या आहेत : एक अटलांटिक महासागरातील आणि दुसरी हिंदी व पॅसिफिक महासागरांतील. ही दुसरी जात भारताच्या किनाऱ्यावरही आढळते. खाडीच्या साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी पडला, की टार्पन पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि वाताशयाच्या साहाय्याने श्वसन करतो. रूपावरून तो तारली किंवा पाला या माशांचा भाऊबंद वाटतो, आणि विद्वानांनीही दीर्घकाळ त्याला त्यांच्याच पंक्तीला बसविले होते.

आता दुसरीकडे पाहू. मुंबई-रत्नागिरीच्या बाजारात मिळणारी समुद्रातील वाम आणि कोकणातील नद्यांत राहणारा अहीर हे दोन्ही सापासारखे लांब व गुळगुळीत. टार्पनशी त्यांचे काही साम्य असेल, असे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. तथापि १९६६ साली ग्रीनवुड, रोझेन, वाइट्झमन आणि मायर्स या चार शास्त्रज्ञांनी टार्पन, लेडीफिश, बोनफिश आणि सर्व खऱ्या वामी यांना एका गटात आणले. त्या गटास ‘इलोपोमॉर्फा’ असे नाव आहे.

त्यांचा मुख्य आधार होता माशांचे बालपण. या सर्वांची पिले समुद्रात पारदर्शक, विड्याच्या पानासारखी चपटी आणि इवल्याशा डोक्याची असतात. या अवस्थेला ‘लेप्टोसेफॅलस’, म्हणजे ‘बारीक डोक्याचा’, असे म्हणतात. पूर्वी तो एक स्वतंत्र मासाच समजला जाई. १८९६ च्या सुमारास ग्रासी आणि कालांद्रुच्चो या इटालियन संशोधकांनी असा एक जीव वामीत रूपांतरित होतो, हे दाखवून दिले. रूपांतर होताना तो वाढण्याऐवजी आधी आखडतो, हे विशेष. केवळ बालरूपावर विसंबून कूळ ठरवावे काय, असा आक्षेप काहींनी घेतला होता. पुढे जनुकांच्या अभ्यासानेही हे नाते मान्य केले.

येथे आम्हां भोपाळकरांना एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. अवधपुरीत राहणारा मराठी माणूस बाजारात ‘बाम’ नावाचा मासा पाहतो. महाराष्ट्रातही नदीतील याच माशाला वाम किंवा वांब म्हणतात. अंग तसेच लांबट, नावही तेच. परंतु याच्या पाठीवर काट्यांची रांग असते आणि याच्या पिलांना ती पानासारखी अवस्था नसते. हा टार्पनच्या कुळातील नव्हे. नावाने व रूपाने वाम, नात्याने परका!

कोणी म्हणेल, या कुळकथेने काय साधते? पुष्कळ साधते. बाम गोड्या पाण्यातच जन्मतो आणि तेथेच वंश वाढवितो. धरणाच्या जलाशयातही तो तग धरू शकतो. अहीर मात्र समुद्रात जन्मतो, कोवळ्या वयात नदीचा प्रवाह चढून येतो, वर्षानुवर्षे गोड्या पाण्यात राहतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा समुद्राकडे निघतो. वाटेत अडलेल्या भिंतीने त्याचे येणे आणि जाणे दोन्ही खुंटते. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी प्रेरित प्रजनन यशस्वी करून दाखविल्यापासून रोहू-कटल्याचे बीज तयार करून तलावात सोडता येते. अहिराची उणीव अशी भरून काढता येत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने या जातीची नोंद संकटाच्या उंबरठ्यावरील जातींत केली आहे.

विद्यार्थी मित्रहो, दोन मासे एकसारखे दिसले म्हणून त्यांच्या गरजा एकसारख्या मानणे हे अज्ञान एका जातीच्या जिवावर बेतू शकते. नदी राखावयाची तर तिच्यातील प्रत्येक जीव कोठून आला आणि त्याला कोठे परतावयाचे आहे, हे आधी विचारले पाहिजे. कुळाचा अभ्यास आपल्याला हा प्रश्न विचारावयास शिकवितो, मग ते कूळ शब्दांचे असो वा माशांचे.