दगडाची अर्धी साक्ष

इजिप्त म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पिरॅमिड उभे राहतात. पण फेरो राजे गेले, ग्रीक आले, रोमन आले, तरी नाईलकाठचा पाथरवट छिन्नी चालवीतच होता. त्याच्या या उत्तरकालीन कामाला ‘कॉप्टिक शिल्प’ म्हणतात. ‘कॉप्ट’ म्हणजे मुळात इजिप्तचा रहिवासी. पुढे तेथील ख्रिस्ती समाजाला हे नाव रूढ झाले.

कैरोच्या कॉप्टिक संग्रहालयात चुनखडीचा एक भग्न तुकडा आहे. भिंतीतल्या कोनाड्याच्या माथ्यावरचा हा भाग. मध्ये शिंपला, आणि शिंपल्यात अफ्रोदिती, म्हणजे ग्रीकांची सौंदर्यदेवता! डोळे टपोरे, कोरीव काम खोल. त्यामुळे सावली गडद पडते. काळ साधारण इसवी सनाचे चौथे-पाचवे शतक.

तुम्ही म्हणाल, ख्रिस्ती शिल्पात ही ग्रीक देवता कशी आली? प्रश्न रास्त आहे. हा तुकडा कैरोच्या दक्षिणेकडील अहनास गावचा. १८९०-९१ साली एदुआर नाव्हील यांनी तिथे खोदकाम केले आणि सापडलेली इमारत चर्च असावी असे मानले. मग अभ्यासकांनी अफ्रोदितीला ख्रिस्ती अर्थ लावून पाहिला. पुढे इतरांनी शंका घेतली. त्यांच्या मते असे दगड जुना धर्म मानणाऱ्या श्रीमंतांच्या समाधींचे असावेत. पाहा, दगड तोच, पण चर्चमधला म्हटला की अर्थ एक, समाधीतला म्हटला की दुसरा! हा वाद का पडला? तर कोणता दगड कोणत्या भिंतीत होता, याची बारीक नोंद त्या खोदकामात झाली नाही म्हणून.

नोंद नसली की लबाडीलाही वाव मिळतो, बरं का. दुसऱ्या महायुद्धानंतर अशी पुष्कळ शिल्पे बाजारात आली. कुठे सापडली, कुणी काढली, याचा पत्ता नाही. तरी मोठमोठ्या संग्रहालयांनी ती घेतली. अमेरिकेतल्या ब्रुकलिन संग्रहालयाने २००९ साली आपल्याजवळच्या अशा शिल्पांचे प्रदर्शन मांडले आणि त्यांतली जवळजवळ एक तृतीयांश बनावट असल्याचे स्वतःच जाहीर केले. काही दगड जुने होते, पण नव्याने कोरलेले. चूक झाकली नाही, लोकांपुढे ठेवली. विद्येची खरी रीत ती हीच.

गुरुजी, मुलांना संग्रहालयात न्याल तेव्हा मूर्तीखालची चिठ्ठी अवश्य वाचून दाखवा. ‘कुठे सापडली’ ही ओळ तीत आहे का, ते मुलांनाच शोधू द्या. आणि शेतकरी बंधूंनो, उद्या नांगराच्या फाळाला कोरीव दगड लागला, तर तो उचलून पारावर नेऊ नका, त्याला शेंदूर फासू नका. जागच्या जागी ठेवा आणि सरकारी कचेरीत कळवा. दगड साक्ष देतो खरा, पण त्याची अर्धी साक्ष मातीतच असते.