ऑनलाइन दुकानाची किल्ली कोणाकडे?

मालवण असो की सावंतवाडी, गल्ल्याची किल्ली आम्ही व्यापारी नोकराच्या हाती देत नाही. ऑनलाइन दुकानाचा एकच पासवर्ड मात्र मुलगा, पुतण्या, पार्सल बांधणारा पोऱ्या अशा सर्वांत वाटून टाकतो. मग ऑर्डर कोणी रद्द केली, हे कळायचे कसे?

वूकॉमर्समध्ये प्रत्येकाचे वेगळे खाते उघडता येते. 'शॉप मॅनेजर' माल चढवतो, ऑर्डरी सांभाळतो. नवे प्लगइन बसवण्याचा अधिकार 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'चा. तो मालकानेच ठेवावा. मॅनेजरला गिऱ्हाइकांचे पत्ते, फोन सारे दिसतात, म्हणून पोऱ्याला हे खाते नको. त्याला पत्त्याची छापील चिठ्ठी पुरे. पासवर्डासोबत मोबाइलवरचा ओटीपीही जोडावा. ऑनलाइन कार्ड-व्यवहारांना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून अशी दुसरी खातरजमा सक्तीची केली, ती उगाच नव्हे.

नोकर काम सोडेल त्याच दिवशी त्याचे खाते बंद करा, पगाराचा हिशेब नंतर.