जीर्णोद्धाराचा रंग

भायखळ्याच्या श्री आदीश्वर भगवंतांच्या दर्शनासाठी, विशेषतः कार्तिकी पौर्णिमेला, जाणारे असंख्य भाविक भायखळा स्थानकावर उतरतात. शेठ मोतीशा यांनी उभारलेले ते जिनालय आणि हे स्थानक, दोन्ही एकोणिसाव्या शतकातील. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली प्रवासी गाडी धावली, त्याच मार्गावरील हे स्थानक. त्याची दगडी इमारत १८५७ची. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली तिचा जीर्णोद्धार झाला आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत तिचा गौरव झाला.

अशा वास्तूला कोणता रंग द्यावा, हे दुकानातील रंगपट्टी पाहून ठरत नाही. ते वास्तूलाच विचारावे लागते. खांबाच्या कंगोऱ्यामागे किंवा चौकटीच्या आडोशाला, जिथे ऊन-पाऊस पोहोचत नाही, तिथे रंगाचे थर हलक्या हाताने एकेक करून उघडतात. झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे प्रत्येक थर एकेका काळाची साक्ष देतो. मात्र घाई नको. लोखंडावरचा सर्वांत खालचा शेंदरी थर हा बहुधा गंज रोखणारा अस्तर असतो, मूळ रंग नव्हे. जवसाच्या तेलातील पांढरा रंगही अंधारात पिवळट पडतो. म्हणून नमुना काही दिवस उजेडात ठेवूनच निर्णय घ्यावा. निवडलेली छटा आधी लहानशा जागेवर लावून सकाळी, दुपारी आणि ढगाळ दिवशी पाहावी.

दगडाला तर बहुधा रंगच नको. दगड आणि चुन्याचा गिलावा ओलावा बाहेर टाकत असतात. त्यांवर ऑइल पेंट चढवला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि कोरीव काम झडू लागते.

येथे आपल्या धर्माचाही प्रश्न येतो. जुन्या तैलरंगांत शिसे असे. ते कोरडे घासले तर त्याची धूळ कारागिरांना आणि लहान मुलांना बाधते, म्हणून पृष्ठभाग ओला ठेवूनच काम करावे. पूर्वीच्या डिस्टेंपरमध्ये प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस वापरत, तर अनेक ब्रश डुकराच्या केसांचे असतात. चुन्याची सफेदी आणि वनस्पतींच्या तंतूंचा किंवा नायलॉनचा कुंचा वापरला तर हिंसाही टळते आणि भिंतही श्वास घेते.

हे सारे केवळ स्थानकापुरते नाही. नव्या मंदिरापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य मोठे, असे आपण मानतो. तरीही कित्येक जुन्या जिनालयांच्या कोरीव खांबांवर भक्तिभावाने चकचकीत तैलरंगाचे थर चढतात. धर्मशाळा, उपाश्रय आणि वडिलोपार्जित पेढ्या यांचीही तीच गत. रंगाचा लाभ घेणारा दाता उदार असतो. चूक होते ती न विचारता काम सोपविण्यात.

विश्वस्तांनी पुढील रंगकामाचा ठराव करण्यापूर्वी संवर्धनाच्या जाणकाराला एकदा बोलवावे, एका कोपऱ्यात थर उघडून पाहावेत. आपल्या पूर्वजांनी निवडलेला रंग कदाचित तिथेच, आपल्याच भिंतीत, वाट पाहत असेल.